मुखदुर्गंधी, आहार आणि प्रोबायोटिक : प्रस्तावना

१

झोपेतून उठल्यावर तोंडाला येणारा वास आणि दात घासून, चूळ भरून, न्याहारी करूनही दिवसभर टिकणारा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बहुतेक निरोगी माणसांत आढळतो, झोपेत लाळ जवळजवळ थांबल्यामुळे तो निर्माण होतो आणि तोंड ओले होऊन चावणे सुरू झाले की ओसरतो. दुसरा महिनोन्महिने राहतो, त्यामागे शोधता येण्याजोगे कारण असते, आणि ते दूर होईपर्यंत बडीशेप, लवंग, पुदिन्याची गोळी किंवा सुगंधी माउथवॉश यांपैकी कशानेही तो फार काळ दबत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा दुसरा वास, म्हणजे जुनाट मुखदुर्गंधी, हा आहे. आहारात कोणते बदल केले असता ती कमी होते, दही-ताकापासून बाजारातील गोळ्यांपर्यंत ज्या जिवंत जिवाणूंचा आज इतका बोलबाला आहे त्यांचा तिच्यावर कितपत उपयोग होतो, आणि हे दोन्ही उपाय कोणत्या टप्प्यावर योजावेत, हे तीन प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहेत. तिसरा प्रश्न वरकरणी गौण वाटतो. परंतु पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे पुस्तकाची सगळी मांडणी उपायांच्या क्रमाभोवती केलेली आहे.

या विवेचनाने डोळ्यांसमोर ठेवलेला वाचक छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीसारख्या वस्तीत राहणारा आहे. जालना रस्त्यालगत, सिडकोच्या वसाहती आणि चिकलठाण्याचे औद्योगिक क्षेत्र यांच्या सान्निध्यात वसलेले हे मूळचे गाव शहराने केव्हाच पोटात घेतले. स्वतःचे रेल्वे स्थानक असलेल्या या भागात कारखान्यांत पाळीने काम करणारे कामगार, रिक्षाचालक, भाजीविक्रेते, छोटे दुकानदार आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहतात. येथील दिनक्रमात तोंड कोरडे आणि अस्वच्छ राहण्याची कारणे पुष्कळ आहेत. रात्रपाळीमुळे जेवणाच्या, झोपेच्या आणि दात घासण्याच्या वेळा मोडतात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की पत्र्याखाली काम करणाऱ्याच्या अंगातले पाणी घामावाटे निघून जाते. जायकवाडीच्या नाथसागरातून येणारे पाणी शहरातील नळांना काही दिवसांच्या अंतराने मिळत आल्यामुळे पाणी जपून वापरण्याची सवय घराघरांत मुरलेली आहे. आणि टपरीवर चहाइतक्याच सहजपणे तंबाखूची पुडी हाती पडते. त्याच घरांत ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी आणि ताक अजून रोजच्या जेवणात असतात, आणि घाटी परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय शहरातच आहे. विकाराला पोसणारी परिस्थिती आणि त्यावरील बहुतेक उपाय असे हाताशी असताना उपायांची सुरुवात मात्र महागड्या बाटलीपासून किंवा पोट साफ करण्याच्या चूर्णापासून होते, या विसंगतीतून या विषयाची सविस्तर मांडणी करण्याची गरज निर्माण होते.

२

तोंडाच्या वासाचा विचार भारतीय वैद्यकात जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दात स्वच्छ करण्याच्या विधीनंतर जिव्हानिर्लेखन, म्हणजे जीभ खरवडणे, सांगितले असून त्यासाठी सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांची, धार नसलेली वाकडी पट्टी योग्य मानली आहे. जिभेच्या मुळाशी साचलेला मळ दुर्गंधी उत्पन्न करतो, हे कारणही तेथे दिलेले आहे. जायफळ, लवंग, कंकोळ, वेलदोडा, कापूर, सुपारी आणि विड्याचे पान तोंडात धरण्याचा सल्लाही त्याच अध्यायात येतो. एक उपाय वासाचे उगमस्थान साफ करणारा आणि दुसरा तोंडाला सुगंध देणारा, असे हे दोन मार्ग एकाच ठिकाणी नोंदलेले असले, तरी पुढच्या लोकव्यवहारात दुसराच अधिक रुजला. त्यातील सुपारी तर आज उपायांच्या यादीतून पूर्णपणे वगळावी लागते, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली आहे.

युरोपात या विषयाला वेगळी दिशा मिळाली. हॉलंडमधील आंतोनी व्हान लेवेनहुक यांनी दातांवरचा पांढुरका मळ आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसल्याचे १६८३ सालच्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले; तोंडातील जिवाणूंचे ते पहिले वर्णन होय. पुढे १८७४ साली जोसेफ हाउ या अमेरिकी डॉक्टरांनी श्वास आणि त्याला दुर्गंधी आणणारे विकार यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शस्त्रक्रियेतील जंतुनाशक म्हणून १८७९ साली तयार झालेल्या लिस्टरीन या माउथवॉशची विक्री १९२० च्या दशकात ज्या जाहिरातींमुळे वाढली, त्यांनी मुखदुर्गंधीला लग्न मोडणाऱ्या आणि माणसे दूर ठेवणाऱ्या सामाजिक दोषाचे रूप दिले. शास्त्रीय मोजमापाला गती मिळाली ती कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे जोसेफ टोन्झेटिच यांच्या संशोधनामुळे. १९६० आणि १९७० च्या दशकांत त्यांनी तोंडाच्या वासातील मुख्य घटक गंधकाची उडनशील संयुगे, म्हणजे साध्या तापमानालाही वायुरूपात हवेत मिसळणारी संयुगे, असल्याचे दाखवून दिले. चरकसंहितेने ज्या मळाकडे बोट दाखवले होते, त्याच्यातून नेमके काय बाहेर पडते, हे त्यामुळे मोजता येऊ लागले.

३

माणसांच्या तोंडांत आजवर सुमारे सातशे जातींचे जिवाणू आढळले असून एका व्यक्तीच्या तोंडात त्यांपैकी काहीच जाती वस्तीला असतात. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी, कित्येक तर उपकारक आहेत. दुर्गंधीशी संबंध येतो तो प्रामुख्याने प्राणवायूविना वाढणाऱ्या जातींचा, आणि त्यांना अनुकूल अशा दोन जागा तोंडात असतात. जिभेच्या मागच्या भागातील बारीक उंचवट्यांमधील खाचा ही पहिली जागा. तेथे गळून पडलेल्या पेशी, अन्नाचे कण, लाळेतील प्रथिने आणि नाकाच्या मागून घशात उतरणारा कफ यांचा पिवळसर-पांढरा थर बसतो. दात आणि हिरडी यांच्यामधील फट ही दुसरी जागा. हिरड्यांना सूज येऊन दाताचा आधार सुटू लागला की ही फट खोल होते आणि तिच्यात जिवाणूंची वाढ होते. हे जिवाणू प्रथिनांचे विघटन करतात. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांपैकी सिस्टीन आणि मेथिओनीन या दोहोंत गंधक असते. पहिल्यापासून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आणि दुसऱ्यापासून कुजलेल्या कोबीच्या वासाचा मिथिल मर्कॅप्टन तयार होतो. हिरड्यांच्या आजारात दुसऱ्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे अनुभवी दंतवैद्याला वासाच्या जातीवरूनही काही अंदाज बांधता येतो.

या व्यवस्थेवर अंकुश ठेवण्याचे काम लाळ करते. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होणारी लाळ अन्नकण धुऊन नेते, प्राणवायू पुरवते आणि जिवाणूंना आवरणारे घटक तोंडभर फिरवते. तोंड कोरडे पडण्याची कारणे अनेक आहेत : कमी पाणी, तोंडाने श्वास घेण्याची सवय, लांबलेला उपवास, वय, मधुमेह, आणि रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरची काही औषधे. उन्हाळ्यात चिकलठाण्यात आठ तासांची पाळी करून, मध्ये दोनदा गोड चहा आणि एकदा तंबाखू एवढ्यावर भागवणाऱ्या कामगाराच्या तोंडाला वास आला, तर त्याच्या पोटाकडे वळण्याआधी त्याच्या लाळेचा विचार करावा लागतो.

पोट हेच दुर्गंधीचे मूळ, ही समजूत मराठी घरांत इतकी पक्की आहे की तिची स्वतंत्र दखल घेणे भाग आहे. अन्ननलिका एरवी मिटलेली असते आणि ढेकर वगळता जठरातील वायू श्वासाबरोबर बाहेर येत नाही. घशाशी आंबट येण्याचा जुना विकार आणि जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग यांचा मुखदुर्गंधीशी संबंध काही अभ्यासांत दिसला असला, तरी त्यावर एकमत नाही. बेल्जियममधील लुव्हेन येथील विशेष चिकित्सालयात आलेल्या २,००० रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७६ टक्के रुग्णांमध्ये कारण तोंडातच सापडले, त्यातही ४३ टक्क्यांत केवळ जिभेवरचा थर, ११ टक्क्यांत हिरड्यांचे आजार आणि १८ टक्क्यांत दोन्ही मिळून. नाक, कान, घसा आणि तोंडाबाहेरची इतर कारणे अवघ्या ४ टक्के रुग्णांत आढळली. तोंडाबाहेरची ही कारणे थोडी असली तरी दुर्लक्षिण्याजोगी नाहीत : टॉन्सिलच्या खळग्यांत जमणारे खडे, सायनसचा जुना दाह, अनियंत्रित मधुमेहात श्वासाला येणारा कीटोनचा फळासारखा वास, मूत्रपिंड निकामी होताना येणारा अमोनियासारखा वास आणि यकृताच्या गंभीर आजारातील वास यांचे निदान वैद्यकीय तपासणीनेच होते. देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने मांडला आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते, हे ध्यानात घेता हिरड्यांतून वारंवार रक्त येणाऱ्या प्रौढाने रक्तातील साखर तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

लुव्हेनच्या अभ्यासातील आणखी एक आकडा विचार करायला लावणारा आहे. तेथे आलेल्यांपैकी १६ टक्के लोकांच्या तोंडाला आक्षेपार्ह असा वास नव्हताच. तो येतो अशी त्यांची खात्री मात्र झालेली होती. समोरच्याने नाकाला हात लावला, खिडकी उघडली किंवा मान वळवली, एवढ्यावरून अशी खात्री होते, आणि ती झालेली माणसे बोलताना तोंडावर हात धरतात, लग्नकार्ये टाळतात, दिवसातून सहा-सात वेळा दात घासून हिरड्या सोलून घेतात. स्वतःच्या वासाची सवय झालेले नाक येथे विश्वासाचे साक्षीदार ठरत नाही, म्हणून तपासणी दुसऱ्याकडून व्हावी लागते. दंतवैद्य ठरावीक अंतरावरून श्वास हुंगून त्याला शून्य ते पाच अशी श्रेणी देतात. काही ठिकाणी गंधकयुक्त वायू मोजणारी यंत्रेही वापरली जातात. घरच्या घरी करता येण्याजोगी चाचणी साधी आहे : जिभेच्या मागच्या भागावरून प्लॅस्टिकचा स्वच्छ चमचा हलकेच ओढावा, त्यावर आलेला थर काही सेकंद सुकू द्यावा आणि मग घरातील विश्वासाच्या माणसाला तो हुंगायला द्यावा. चमच्यावर पिवळसर थर आणि त्याला उग्र वास असेल तर उगमस्थान बहुधा जिभेवर आहे. चमचा स्वच्छ निघाला, दंतवैद्यालाही वास आढळला नाही आणि तरीही शंका जात नसेल, तर त्या व्यक्तीला मनाच्या डॉक्टरांच्या मदतीची गरज असते. तिच्या हाती आणखी एक माउथवॉश देणे हे तिचे दुखणे वाढवणे होय.

४

आहाराचा परिणाम तीन वाटांनी होतो. पहिली वाट लाळेची आहे. जे अन्न चावावे लागते ते लाळ वाढवते आणि जिभेची पाठ काही प्रमाणात घासून काढते. ज्वारीची भाकरी, काकडी, गाजर, मुळा, पेरू, भाजलेले हरभरे ही या दृष्टीने उपयुक्त उदाहरणे आहेत, तर मैद्याची बिस्किटे, पाव आणि चहात बुडवून खाल्लेली खारी न चावताच गिळली जातात आणि दातांच्या फटींत चिकटून राहतात. दुसरी वाट जिवाणूंच्या खाद्याची आहे. साखर वारंवार तोंडात जात राहिली की दातांवरचा थर वाढतो, दात किडतात आणि हिरड्या सुजतात, त्यामुळे दिवसाच्या एकूण साखरेइतकेच ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व येते. जेवणानंतर एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभरात सहा वेळा घेतलेला गोड चहा अधिक उपद्रवी ठरू शकतो. रात्री दूध पिऊन चूळ न भरता झोपले तर लाळ थांबलेल्या तोंडात प्रथिनांचा साठा जिवाणूंच्या हवाली होतो. तिसरी वाट रक्ताची आहे. लसणातून तयार होणारे ॲलिल मिथिल सल्फाइड आतड्यातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसांत येते, त्यामुळे ठेचा किंवा लसणाची चटणी खाल्ल्यावर कितीही दात घासले तरी काही तास वास राहतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात २०१० साली झालेल्या प्रयोगांत दुधाने या संयुगाचे प्रमाण घटल्याचे आढळले. साय काढलेल्या दुधापेक्षा स्निग्धांश असलेले दूध आणि लसणानंतर घेतलेल्या दुधापेक्षा लसणाबरोबर घेतलेले दूध अधिक परिणामकारक होते. हा वास तात्पुरता असून तो जुनाट मुखदुर्गंधीत गणला जात नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी लसूण सोडण्याचे कारण नाही.

उपवासाचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रातील धार्मिक जीवनात आणि अलीकडे वजन घटवण्याच्या पथ्यांतही त्याला मोठे स्थान आहे. बराच वेळ काही न खाल्ल्यास चावण्याअभावी लाळ कमी होते आणि शरीर चरबी जाळू लागल्यावर श्वासात कीटोन उतरतात; ज्या उपवासात पाणी चालते त्यात थोडे थोडे पाणी पिणे आणि जीभ स्वच्छ ठेवणे एवढ्याने यातील पहिला भाग पुष्कळ आटोक्यात राहतो, दुसरा मात्र जेवणानेच जातो.

तंबाखू हा आहाराचा भाग नसला तरी तिला बाजूला ठेवून आहाराची चर्चा पुरी होत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते आणि त्यांतील बहुतांश धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. चुना लावून मळलेली तंबाखू, मावा आणि भाजलेल्या तंबाखूची मिशरी यांची सवय मात्र टिकून आहे. मिशरी लावणाऱ्या कित्येक स्त्रिया ती दात साफ करण्यासाठीच वापरतात आणि तिलाच दात घासणे समजतात. तंबाखूचा स्वतःचा वास, तिच्याने हिरड्यांची होणारी हानी आणि तोंडात कायम राहणारा चोथा या तिन्ही कारणांनी दुर्गंधी वाढते. तंबाखू चालू ठेवून दही, ताक किंवा प्रोबायोटिक यांनी वास घालवण्याचा प्रयत्न फोल आहे, आणि तोंडातील पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे ही लक्षणे असतील तर वासाची चर्चा थांबवून ताबडतोब कर्करोगाची शक्यता तपासली पाहिजे.

५

प्रोबायोटिकची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे एली मेचनिकॉफ यांनी १९०७ च्या सुमारास असा विचार मांडला की बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध त्यांच्या आहारातील आंबवलेल्या दुधाशी असावा; त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी, परंतु दुधातील जिवाणूंविषयीचे त्यांचे मत त्यामुळे दूरवर पोहोचले. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली दिलेली व्याख्या आजही मानली जाते : पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. या व्याख्येतील ‘जिवंत’, ‘पुरेशा प्रमाणात’ आणि ‘लाभ’ या तिन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि त्या कसोटीला उतरवले असता रोजच्या अनेक पदार्थांचे स्थान बदलते. ताक जिवंत असते. त्याची कढी केली की जिवाणू मरतात. इडली आणि ढोकळा आंबवलेल्या पिठाचे असले तरी वाफेवर शिजतात. ज्वारीच्या पिठाची आंबील मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात आणि लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला होते. ती शिजवून निवल्यावर ताक मिसळून आंबवली तर तिच्यात जिवाणू जिवंत राहतात, आंबवल्यानंतर उकळली तर राहत नाहीत. तेलातले कैरीचे लोणचे तर मीठ, मोहरी आणि तेल यांच्या बळावर टिकते, आंबण्यावर नव्हे.

घरचे दही या कसोटीत मधल्या जागी येते. कोमट दुधाला चमचाभर विरजण लावले की त्यातील जिवाणू दुधातील साखरेचे दुग्धाम्ल करतात. उन्हाळ्यात मुकुंदवाडीच्या एखाद्या घरात रात्री लावलेले दही पहाटेपर्यंत आंबटही होऊन जाते, थंडीत तेच भांडे कणकीच्या डब्यात किंवा फडक्यात गुंडाळून ठेवावे लागते. या विरजणात कोणत्या जाती किती आहेत हे घरोघरी आणि ऋतुपरत्वे बदलते, म्हणून त्याला व्याख्येनुसार प्रोबायोटिक म्हणता येत नाही. जिवंत, पौष्टिक आणि स्वस्त आंबवलेले अन्न म्हणून त्याची योग्यता त्याने कमी होत नाही. बिनसाखरेच्या दह्यासंबंधी जपानी संशोधकांनी २००५ साली एका परिषदेत मांडलेल्या छोट्या अभ्यासात २४ स्वयंसेवकांनी सहा आठवडे रोज दोनदा ९० ग्रॅम दही खाल्ल्यावर बहुतेकांच्या तोंडातील हायड्रोजन सल्फाइड घटल्याचे दिसले. आकडा आशादायक असला तरी अभ्यास लहान आहे, आणि त्यातील दही ठरावीक जिवाणूंचे होते. जेवणाच्या शेवटी बिनसाखरेचे ताक घेऊन वर चूळ भरण्याची शिफारस या पुस्तकात केली आहे ती या मर्यादेसह. रक्तदाब असलेल्यांनी त्यात मीठ टाकू नये आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांनी आपली सोसवणूक पाहावी, हेही तेथे सांगितले आहे.

मुखदुर्गंधीसाठी खास तपासले गेलेले जिवाणू निराळे आहेत. त्यांत सर्वांत परिचित आहे तो स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस या जातीचा के-१२ हा वाण. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे जॉन टॅग यांच्या संशोधनातून पुढे आलेला हा वाण जिभेवर राहणारा असून इतर काही जिवाणूंना रोखणारी प्रथिने तयार करतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चाचणीत २३ जणांनी आधी तीन दिवस क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने चुळा भरल्या आणि मग काहींनी के-१२ च्या, तर काहींनी जिवाणूविरहित गोळ्या चघळल्या. आठवड्याने पहिल्या गटातील ८५ टक्के आणि दुसऱ्या गटातील ३० टक्के लोकांत गंधकयुक्त वायू ठळकपणे घटले होते. या चाचणीतील दोन बाबी सहसा सांगितल्या जात नाहीत : जिवाणू देण्याआधी तोंडातील थर जंतुनाशकाने कमी केलेला होता, आणि रिकाम्या गोळीनेही तीनातल्या जवळपास एकाला फरक पडला होता. पुढील काळात कोरियात वाइसेला सिबेरिया, जपानमध्ये लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियस आणि डेन्मार्कमध्ये लॅक्टोबॅसिलस रॉयटेराय यांवर अभ्यास झाले. अशा सात चाचण्यांतील २७८ व्यक्तींची माहिती एकत्र करणारा आढावा २०२२ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला. प्रोबायोटिकमुळे हुंगून दिलेली श्रेणी सुधारते आणि चार आठवड्यांपर्यंत गंधकयुक्त वायू घटतात, परंतु त्यापुढे हा फरक टिकल्याचे दिसत नाही आणि जिभेवरचा थर व दातांवरचा मळ यांवर परिणाम होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे जिभेवरचा जो थर बहुसंख्य रुग्णांत आढळतो, त्याला प्रोबायोटिक हात लावत नाही.

उपायांच्या क्रमाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. तण न काढता पेरणी केली तर महागाचे बियाणेही वाया जाते. जिभेवरचा थर आणि हिरड्यांखालचा खडा तसाच ठेवून घेतलेल्या गोळ्यांची गत तीच होते. म्हणून प्रथम दंतवैद्याची तपासणी आणि दातांची सफाई, त्याच वेळी तंबाखू सोडण्याचा प्रयत्न. मग दोन ते तीन आठवडे दिवसातून दोनदा दात, एकदा दातांच्या फटी आणि एकदा जिभेचा मागचा भाग हलक्या हाताने साफ करणे. त्याबरोबर पाणी आणि चावण्याचे अन्न वाढवणे व गोड चहाच्या खेपा कमी करणे. आणि एवढे करूनही वास राहिला तरच चार आठवड्यांपुरते प्रोबायोटिक, असा क्रम या पुस्तकात सुचवला आहे. पाणी बेताचे असलेल्या घरातही तो पाळता येतो, कारण जीभ खरवडून चूळ भरायला पेलाभर पाणी पुरते. एक टप्पा पुरा झाल्यावरच पुढचा घ्यावा, म्हणजे कशाने गुण आला हे कळते. सगळे उपाय एकदम सुरू केले की श्रेय बहुधा सर्वांत महाग वस्तूला मिळते.

गोळ्या निवडताना वेष्टन वाचावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली प्रोबायोटिक अन्नपदार्थांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वेष्टनावर जिवाणूची जातच नव्हे तर नेमका वाण आणि टिकण्याच्या मुदतीअखेर जिवंत राहणारी संख्या नमूद असायला हवी. अतिसारासाठी दिले जाणारे बॅसिलस क्लॉसिआय किंवा पचनासाठीच्या कॅप्सूल यांवरून मुखदुर्गंधीविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. त्या गिळल्या जातात, तर तोंडासाठीची गोळी चघळून जिभेवर विरघळू द्यायची असते. उन्हाळ्यात तापलेल्या दुकानात महिनाभर पडून राहिलेल्या पाकिटात किती जिवाणू जिवंत असतील याची शंका घेणेही योग्यच. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी फार खालावलेली आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत.

६

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिला भाग तोंडाची रचना, लाळ आणि जिवाणूंचे कार्य समजावतो. दुसरा निदानाचा आणि धोक्याच्या लक्षणांचा आहे. तिसऱ्यात स्वच्छता आणि तंबाखूमुक्ती येते. चौथा मराठवाड्यातील प्रत्यक्ष ताट समोर ठेवून ऋतूनुसार आहार सांगतो. आणि पाचवा, सर्वांत लहान भाग प्रोबायोटिकचा आहे. तो लहान ठेवण्यामागे उपलब्ध पुराव्याची मर्यादा आहे. मुखदुर्गंधीवरील सर्व प्रकारच्या उपायांचा जो आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली घेतला, त्यात ४४ चाचण्या आणि १,८०९ व्यक्ती असूनही पुराव्याची खात्री कमी ते अत्यंत कमी दर्जाची ठरली. आणि बहुतांशी परदेशी शहरांत, परदेशी आहारावर झालेल्या अशा अभ्यासांचे निष्कर्ष भाकरी, पिठले, ठेचा आणि ताक खाणाऱ्या माणसाला जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. जेथे पुरावा भक्कम आहे तेथे पुस्तकाने स्पष्ट शब्दांत सल्ला दिला आहे आणि जेथे तो पातळ आहे तेथे तसे म्हटले आहे.

हे पुस्तक दंतवैद्याची जागा घेण्यासाठी नाही. दंतवैद्याकडे जाताना कोणते प्रश्न विचारावेत, घरी आल्यावर काय चालू ठेवावे आणि कशावर पैसे खर्च करू नयेत, हे ठरवण्यासाठी त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे. मुखदुर्गंधीविषयी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, नवरा-बायकोही बोलत नाहीत, आणि या संकोचामुळे साध्या सफाईने जाणारा विकार वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. आशा सेविका, शाळेतील शिक्षक आणि कारखान्यांतील आरोग्य कर्मचारी यांना हा विषय लाज न आणता काढता यावा, म्हणून भाषा शक्य तेवढी सोपी ठेवली आहे आणि प्रत्येक संज्ञा तिच्या जागीच उलगडली आहे. भाग क्रमाने वाचावेत, एवढी एक अट मात्र वाचकाला घातली आहे : जो थेट शेवटच्या भागाकडे वळून गोळ्यांचे पाकीट आणेल त्याला बहुधा महिनाभर बरे वाटेल आणि नंतर वास परत येईल, जो तिसऱ्या भागापर्यंतचे सगळे मनापासून पाळेल त्याला बहुधा पाचव्या भागाची गरजच उरणार नाही.